एक वापरकर्ता हवा आहे

परदेशातल्या काही लोकांनी ‘कॉर्मोरंट’ नावाचा एक प्रोग्राम केला आहे. पानं रचायचा. पत्रिका, पुस्तिका, फ्लेक्स, पोरांचे प्रोजेक्ट, काय वाटेल ते त्यात होतं. तो फुकट मिळतो. शालिकरामसमोर मात्र ‘फुकट’ म्हणायचं नाही, ‘मुक्त’ म्हणायचं. फुकट म्हणजे पैसे न देता. मुक्त म्हणजेही पैसे न देताच, पण आधी शालिकरामचं तासभर ऐकून घेऊन.

जगभरातले लोक आपापल्या सवडीनं हा प्रोग्राम लिहितात, दुरुस्त करतात आणि त्यावरून एकमेकांशी भांडतात. या तिसऱ्या कामाला माणसं कधी कमी पडत नाहीत. त्याच्या मराठीचं काम नागपुरात चाले, रामदासपेठेत, शालिकरामच्या बैठकीच्या खोलीत. सुरुवातीला बरेच जण होते. काही पुण्याला गेले, काही अमेरिकेला, काहींची लग्नं झाली. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणायचं की ‘साठवा’, यावरून दोघं असे तुटले की पुढे एकमेकांच्या घरच्या मयतीलाही गेले नाहीत. शेवटी उरलो आम्ही दोघं. शालिकराम भाषांतर करी आणि मी ऱ्हस्व-दीर्घ बघे.

शालिकराम पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाला होता. या भाषांतराखेरीज त्यानं आयुष्यात असं काही केलं नव्हतं जे दुसऱ्या कोणी केलं नसतं. हे त्याचंच म्हणणं. त्याच्या बायकोचं, चारुलताचं, म्हणणं होतं की हेही दुसऱ्या कोणी केलं असतं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत मुख्य मंडळींचा इमेल आला. भाषा सभ्य होती, त्यामुळे आम्ही लगेच सावध झालो. कोणत्या भाषा खरोखर वापरात आहेत ते बघायचं ठरलं होतं. ज्या भाषेचा एकही वापरकर्ता महिनाअखेरपर्यंत स्वतः लिहून कळवणार नाही, तिचं माणसांनी केलेलं भाषांतर काढून तिथे यंत्राचं बसवलं जाणार होतं. भाषांतरकाराला वापरकर्ता धरलं जाणार नव्हतं.

“म्हणजे आपण दोघं नाही,” शालिकराम म्हणाला.

“बाकी कोण आहे?”

“असतीन न गा. बारा वर्षं झाली. कोणी तर असन.”

कोण आहे हे प्रोग्रामलाच विचारता आलं असतं. मुख्य मंडळींनी मागे एकदा त्यात मोजणी बसवायचं काढलं होतं: कोण कुठून वापरतो, कोणत्या भाषेत वापरतो, हे प्रोग्रामनं गुपचूप घरी कळवायचं. तेव्हा सगळ्यात जास्त विरोध केला होता नागपूरहून शालिकरामनं. माणूस आपल्या कॉम्प्युटरवर काय करतो ते त्याचं त्याला ठाऊक, तिथे नाक खुपसायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यानं लांबलचक इंग्रजीत लिहिलं. ते सगळ्यांना पटलं आणि मोजणी बारगळली. त्यामुळे आज मराठीचे वापरकर्ते लाखभर असू शकत होते, किंवा एकही नसू शकत होता, आणि दोन्ही बाजूंचा पुरावा सारखाच होता.

शालिकरामचा पुतण्या मोहित मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या नव्या वसाहतीत, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला हे सांगितल्यावर तो सोफ्यावर आडवा होऊन हसला.

“काका, आमच्याकडे तर माणूस बटनावर बोट ठेवून किती वेळ थांबला, तेही मोजतात.”

“काहून?”

“काहून म्हणजे? थांबला काहून ते समजून घ्यायले.”

“अन् समजते?”

“नाही. पण मोजतात.”

मग मोहितनं लॅपटॉप उघडून आमच्या बारा वर्षांचं भाषांतर यंत्राकडून करून घेतलं. चहा येईपर्यंत झालंही. शालिकरामनं चष्मा चढवला आणि मोठ्या आशेनं चुका शोधायला घेतल्या. चित्राच्या कडा कापायच्या ‘क्रॉप इमेज’ला यंत्रानं ‘प्रतिमेचे पीक घ्या’ म्हटलं होतं.

“हे पाय! पीक घ्या! खरीप की रब्बी?” तो इतका खूश झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

“एक चुकलं हो काका. बाकीचं बरोबर आहे न? अन् तुम्ही काय लिहिलं तिथं?”

“कर्तन.”

“कर्तन,” मोहित म्हणाला. तो पुढे काही बोलला नाही. चांगल्या संस्कारांचा मुलगा आहे.

त्यानंतर आम्ही वापरकर्ता शोधायला लागलो. शालिकराम ओळखीच्या प्रत्येकाला विचारू लागला. छापखानेवाले म्हणाले, आम्ही चोरीचा वापरतो, तोही इंग्रजीत. एका शिक्षकांनी मराठीतून वापरायची फार इच्छा असल्याचं सांगितलं. ही इच्छा त्यांना बरीच वर्षं होती. एक मराठीप्रेमी गृहस्थ म्हणाले, वापरत नाही, पण वापरतो असं लिहून देतो. हे मला सोयीचं वाटलं. शालिकराम घरी आल्यावरही धुसफुसत होता.

“खोटा वापरकर्ता? अशानं भाषांतर टिकवण्यापेक्षा यंत्र बरं गा.”

“अहो, मग होऊन जाऊ द्या न यंत्राचं,” चारुलता म्हणाली. “पाठ दुखते, डोळे दुखतात. कोणासाठी करून राहिले तुम्ही हे?”

 शालिकरामनं उठून पंख्याचा वेग वाढवला. फेब्रुवारीत त्याची गरज नव्हती.

मुदत संपायला आठवडा राहिला असताना फोन आला. मी तिथेच बसलो होतो. प्रोग्रामच्या ‘आमच्याविषयी’ या पानाच्या तळाशी शालिकरामनं पूर्वी कधीतरी आपला नंबर टाकून ठेवला होता. त्या नंबरावर आलेला हा पहिला फोन.

“हॅलो, ते पानकावळावाले शालिकराम काकाजी तुम्हीच काय?”

कॉर्मोरंटला शालिकरामनं नावासकट मराठी केलं होतं: पाणकावळा. तो उठून उभा राहिला.

“बोला! हो, मीच. तुम्ही वापरता?”

“हो जी, वापरतो न. कोराडीले माझं दुकान आहे, झेरॉक्स, टायपिंग. मी गोपिका.”

“मराठीतून वापरता?”

“हो जी. शाळेच्या लिलावातला कॉम्प्युटर आहे, त्यात होतंच.”

शालिकरामनं फोनवर हात ठेवून मला सांगितलं, “मराठीतून वापरते गा!” स्वयंपाकघरातून चारुलतानं डोकावून पाहिलं. परक्या बाईच्या फोननं नवऱ्याचं तोंड असं उजळलेलं तिनं बहुधा प्रथमच पाहिलं असावं. तिला आक्षेप दिसला नाही, उलट जरा हायसंच वाटलेलं दिसलं.

“बोला बाई, काय सेवा करू?”

“काकाजी, ते मराठीतून इंग्रजीत कसं करायचं, तेवढं सांगा न.”

शालिकराम खाली बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं कोराडीला गेलो. फोनवर सांगता आलं असतं. शालिकरामनं तसा प्रयत्नही केला होता, पण भाषा बदलायची सोय ‘अधिमान्यता’ (इंग्रजीतलं ‘प्रेफरन्सेस’) या शब्दाखाली होती आणि तो शब्द गोपिकाला पडद्यावर सापडेना. “आहे, उजवीकडं आहे,” तो सांगत राहिला. “असन,” ती म्हणत राहिली. शेवटी म्हणाला, मी येतो. एकुलता एक वापरकर्ता असला की घरपोच सेवा परवडते.

दुकान वीजकेंद्राच्या वसाहतीच्या तोंडाशी होतं. गोपिका पस्तिशीची असेल. काउंटरवर बसलेली चिमण्यांची राख फडक्यानं पुसत ती म्हणाली, “बसा जी. सकाळपासून तिसऱ्यांदा पुसून राहिली.” दोन स्टुलं पुढे सरकवून तिनं पंखा आमच्याकडे वळवला.

“मराठीत काय अडचण येते?” शालिकरामनं विचारलं. चौकशीचा सूर ठेवायचा त्यानं प्रयत्न केला.

“अडचण काय, मी वाचतच नाही न काकाजी. जागेवरून ओळखतो. हे तिसरं म्हणजे कापायचं, खालचं म्हणजे ठेवायचं. वाचायले गेलं की घोटाळा होते. ते ‘मुद्रणपूर्व दर्शन’ पाहून मले वाटलं, देवीचा फोटो येईन.”

मी खोकलो. ‘प्रिंट प्रिव्ह्यू’च्या त्या मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ माझे होते.

“मग तसंच चालू द्यायचं. इंग्रजी कायले पाहिजे?”

गोपिकानं माउस हलवला. एका पोराचा प्रोजेक्ट उघडा होता. तिनं परिच्छेदावर क्लिक केलं, तेव्हा एक चौकोन उघडला. सगळ्यात वर एक ओळ होती आणि तिच्यासमोर टिक करायची जागा: ‘विधवा व अनाथ नियंत्रण’.

“हे,” ती म्हणाली.

शालिकराम तिला समजावू लागला. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेली, तर छापखान्याच्या इंग्रजीत तिला विडो म्हणतात. पहिली ओळ एकटी मागं राहिली, तर ऑर्फन. तसं होऊ नये म्हणून ही सोय.

“ते आता समजलं न. आधी कोणाले मालूम? रुख्मिणीबाई आली होती निराधारचा फॉर्म भरायले. ह्या पडद्यावर बोट ठेवून म्हणते, ‘इथं तर लिहिलंच आहे वं विधवा, माझं नाव टाक न.’ मी म्हटलं, बाप्पा, हे सरकारी नाही. तर म्हणे, ‘मग नियंत्रण कोण करून राहिलं?’”

ती हसली, म्हणून आम्हीही हसलो.

“तोवर मी वाचलंच नव्हतं. जागेवरून टिक करायची. त्या दिवशी वाचलं. मग दर वेळी दिसायले लागलं.” तिनं चौकोन बंद केला. “माझा माणूस गेला त्याले तीन वर्षं झाली, काकाजी. चुना मारून राहिला होता भिंतीले, शिडीवरून पडला. आता हे दिवसभर मले विचारते, विधवा नियंत्रण करायचं काय. अन् मी टिक करतो. नाही केली तर पोट्टे म्हणतात, मॅडम, पान बरोबर नाही आलं.”



“इंग्रजीतही तेच लिहिलेलं आहे, बाई,” शालिकराम हळूच म्हणाला. “विडो.”

“असू द्या न. इंग्रजीत मले कोणी म्हणत नाही.”

शालिकराम स्टुलावरून उठला, तिच्या खुर्चीवर बसला आणि अधिमान्यता उघडून भाषा इंग्रजी करून दिली. खिशात त्या इमेलची छापील प्रत होती. ती त्यानं बाहेर काढलीच नाही. मी डोळ्यांनी खुणावलं, तर तो दुसरीकडे पाहू लागला.

मग मीच बोललो. गोपिकाला सगळं सांगितलं: मराठी जाणार आहे, एका वापरकर्त्याचं पत्र लागतं, आणि तो वापरकर्ता शालिकरामनं आताच स्वतःच्या हातानं इंग्रजीत पोचवला आहे.

“मग सांगायचं न जी आधी! मी लिहून देतो, लई चांगलं आहे म्हणून.”

“नाही,” शालिकराम म्हणाला. “चांगलं नाही आहे. चांगलं आहे असं नका लिहू.”

“मग काय लिहू?”

“आता जे सांगितलं ते.”

“त्यांना समजन?”

“त्यांच्याकडं यंत्र आहे. समजन.”

गोपिकानं बसून मराठीत लिहिलं, दोन बोटांनी, पण भराभर. मध्ये गिऱ्हाइकं आली, आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन गेली. तिनं लिहिलं की हा शब्द काढा, हा दिवसभर माझ्यासमोर येतो आणि मी त्याला कंटाळली आहे. शेवटी नाव, गाव. मी वाचायला मागितलं. ‘कंटाळली’तला ‘ली’ दीर्घ होता. बरोबर होतं.

परतीच्या बसमध्ये शालिकराम खिडकीशी बसून होता. कोळशाचे ट्रक जात होते. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “बारा वर्षांत तो शब्द कोणी वाचला नाही. तू नाही, मी नाही.”

“मी वाचला होता.”

“तुले काही वाटलं नाही?”

“‘वि’ ऱ्हस्व होता.”

त्यानं तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. नागपुरात शिरल्यावर सदरच्या सिग्नलला बस बराच वेळ थांबून राहिली.

चार दिवसांनी उत्तर आलं. मुख्य मंडळींनी गोपिकाचं पत्र ‘तक्रार’ या खात्यात घातलं होतं. नियमाप्रमाणे तक्रार वापरकर्ताच करू शकतो, म्हणून मराठीला एक वापरकर्ता आहे असं सिद्ध झालं. भाषांतर पुढच्या आवृत्तीपर्यंत कायम. तक्रार शालिकरामकडे सोपवली होती, आणि दुरुस्ती झाल्यावर तक्रारदारानं स्वतः पाहून कळवायचं होतं.

“म्हणजे अजून काम,” चारुलता म्हणाली.

“अजून काम.”

एका ओळीला शालिकरामनं आठवडा घेतला. कोश काढले, परत ठेवले. ‘एकल ओळ’ लिहिलं, खोडलं. मी सुचवलेलं सगळं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एका दुपारी त्यानं काहीतरी टाइप केलं, मला दाखवलं नाही, आणि गोपिकाला फोन लावला. नवी प्रत उतरवून एकदा मराठीत उघडून बघायला सांगितलं.

“थांबा, एक लॅमिनेशन करून राहिली.” मग बऱ्याच वेळानं, “हं. उघडलं. त्याच जागी आहे काय?”

“त्याच जागी.”

ती मोठ्यानं वाचू लागली, शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द. “ओळ, एकटी, सोडू, नका.”

फोनमधून पलीकडचा रस्ता ऐकू येत होता. कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

“टिक करू काय, काकाजी?”

“तुमच्या मनावर आहे.”

“केली.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “अन् त्यांना काय लिहू?”

“झालं म्हणून लिहा.”

“लिहितो. ठेवू? गिऱ्हाईक आलं.”

फोन बंद झाला. थोड्या वेळानं शालिकरामच्या पडद्यावर त्या तक्रारीसमोर हिरवी खूण आली. चष्मा काढून तो डोळे चोळत बसला. साठी उलटलेल्या माणसाचे डोळे चोळून बरे होत नाहीत, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

“विचार न तिला,” मी म्हटलं. “मराठीच ठेवली की परत इंग्रजी केली?”

“काहून विचारू?”

“समजलं तर असतं.”

“तिचा कॉम्प्युटर आहे गा,” तो म्हणाला, आणि ‘कर्तन’चं काय करायचं ते पाहायला लागला.