मास्तरांच्या पँटीची कंबर

कमरेच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही. पस्तीस वर्षं मी लोकांच्या पँटी शिवतोय. त्यामुळे पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं आणि हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनी बजावलं, "मास्तर, तीन आठवड्यांत ताकद कमवा, वजन उतरू देऊ नका," तेव्हा मी मनात हसलो. वजन उतरलं तर पँट आधी सांगेल. रोज अर्धा तास चालणं, जिने, तीन अंडी, डाळ, दुधात कालवलेली पावडर अशी यादी त्यांनी दिली. ती भिंतीवर डकवली आणि विसरलो. अंडं घशाखाली उतरत नव्हतं. पण पँट कमरेला झक्क बसत होती, मग घाबरायचं कशाला?

दहा दिवसांनी हॉस्पिटलातल्या काट्यावर उभा राहिलो. चार किलो कमी.

"तुमचा काटा खोटा आहे," मी म्हणालो.

बाईंनी दुसरा काटा आणला. त्याचंही तेच. मग कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायला लावलं. दोनशे नव्वद मीटरवर मी भिंत धरली.

"चारशे लागतील, काका. अशा अंगाने डॉक्टर ऑपरेशनला घेणार नाहीत. अकरा दिवस उरलेत."

दुकानात परतलो आणि पँट उतरवून कंबरपट्टी उलटी केली. मागच्या शिवणीत ताजा दोरा. टाका बायकोचा, हजारांत ओळखेन. बाकीच्या तीन पँटींचीही तीच गत.

"किती वेळा आत घेतल्यास?"

ती काजं करत होती. मान वर केली नाही. "तीनदा. रोज सकाळी आरशासमोर कंबर चाचपत होतात. मला बघवेना."

असा संताप आला की कात्री आपटली. तिच्यावर आला, त्याहून जास्त माझ्यावर. यादी भिंतीवर होती आणि वाचता मला येत होतं.

"उसव सगळं," म्हटलं. "आणि अंडी उकडायला ठेव. तीन."

त्या दिवसापासून दुखण्याशी उभा दावा मांडला. अंडी नाक दाबून गिळली. कापडं कापायच्या टेबलाभोवती सकाळी साठ फेऱ्या, संध्याकाळी साठ. मेहुणा म्हणाला, "दाजी, आजारी माणसाने पडून राहावं." त्यालाच सोबत जिना चढायला लावला. तिसऱ्या मजल्यावर तो धापा टाकत खाली बसला. बसायचं मलाही होतं, पण त्याच्यासमोर कोण बसतंय!

चालण्याच्या परीक्षेच्या दिवशी उसवलेली पँट घालून गेलो. ढगळ.

"काका, पट्टा तरी लावा," बाई म्हणाल्या.

"नको. किती गेलंय ते हाताला कळू दे."

डाव्या मुठीत कंबर धरून चाललो. बायको भिंतीशी उभी राहून माझ्या फेऱ्या पुटपुटत मोजत होती. तीनशे मीटरनंतर पाय थांबा म्हणाले. मी पायांना शिव्या घातल्या आणि चालत राहिलो. बाईंनी घड्याळ थांबवलं तेव्हा चारशे दहा झाले होते. काट्यानेही दीड किलो परत दिलं.

"गुरुवारी करू," डॉक्टर म्हणाले. "पण ऑपरेशननंतर वजन पुन्हा उतरेल, मास्तर. तयारी ठेवा."

बाहेर आल्यावर बायकोने पर्समधून सेफ्टीपिन काढली. मी तिचा हात धरला.

"मला गुरुवारची भीती वाटते," मी म्हणालो. आजवर बोललो नव्हतो.

"मलाही. निदान पिन तरी लावू द्या."

"नाही. पँट एवढीच राहील. मी येईन तिच्या मापाला."