टायरवरचा बाण

मोटरसायकलचं मागचं चाक अंगणातल्या फरशीवर आडवं पडलं होतं आणि बाई त्यावर एक गुडघा रोवून टायरच्या कडेखाली लोखंडी टामी घुसवत होत्या. तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेल्या हातांना सुईची सवय होती, टामीची नव्हती.

"जोर लावू नकोस," पायरीवर बसलेले त्यांचे यजमान म्हणाले. त्यांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. "जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय."

"तुम्हाला बोलायला काय जातंय!"

"बोलण्याशिवाय दुसरं काही जमतंय का मला?"

बाईंनी जीभ चावली. अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले होते. वाचा परत आली, पाय परत आला. उजवा हात मात्र मांडीवर पाहुण्यासारखा बसून राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बोटांत जीव आहे, पण हात वापरला नाही तर तो कायमचा विसरेल. दाबायला एक रबरी चेंडूही दिला होता. "मी काय लहान मूल आहे चेंडू खेळायला?" म्हणून मिस्त्रींनी तो पहिल्याच दिवशी कपाटात टाकला. लेथवर केसभर फरक खपवून न घेणाऱ्या माणसाला अर्धवट चालणाऱ्या हाताची लाज वाटत होती, हे बाईंना कळत होतं. पण समजूत घालायला जावं तर सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी गत.

टायरचं प्रकरण लेकामुळे निघालं. गाडी उभी राहून मागच्या टायरला चिरा पडल्या होत्या. "दुकानातून बदलून आणतो," असं तो फोनवर म्हणाला आणि मिस्त्री उसळले. या गाडीच्या चाकाला आजवर परक्याचा हात लागला नव्हता. पुढचा टायर तर त्यांनी आजारी पडायच्या आठवडाभर आधी स्वतः घातला होता. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. शेवटी लेकानं नुसता टायर आणून दिला. बाकी सामान घरातलंच होतं: जुन्या पट्ट्या घासून मिस्त्रींनी कधीकाळी बनवलेल्या दोन टामी, रिमला ओरखडा पडू नये म्हणून तेलाच्या प्लास्टिकच्या कॅनचे कापलेले तुकडे, घमेलंभर साबणाचा फेस आणि पायानं मारायचा पंप.

जुना टायर काढण्यात अर्धी सकाळ गेली.

"नव्यावरचा बाण बघितलास ना? चाक पुढे फिरतं त्याच दिशेला हवा."

"बघितला हो," बाई म्हणाल्या. चष्म्यावर फेस उडाला होता, तरी म्हणाल्या.

एक कड सुरळीत बसली. ट्यूब आत गेली. दुसरी कड मात्र शेवटच्या वीतभर जागेत अडून बसली.

"समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकल. तिकडे आत गेली की इकडे ढील मिळेल."

"म्हणजे तोकडा अभ्रा उशीला चढवतो तसं?"

मिस्त्रींना हसू आलं. "तसंच. पस्तीस वर्षांत मला हे सुचलं नाही बघ."

पण बाईंचे दोन्ही हात टामींवर, आणि साबणानं गुडघा घसरला. समोरची कड वर यायला लागली.

"सुटतंय, अहो सुटतंय!"

मिस्त्री पायरीवरून उतरले कधी, फरशीवर बसले कधी, त्यांनाही कळलं नसावं. डावा तळवा कडेवर दाबला गेला. आणि त्याच्या शेजारी उजवाही. बोटं वाकडी होती, थरथरत होती, पण तळव्यानं भार घेतला होता. बाई बघत राहिल्या. त्याच तळव्याच्या शेजारी त्यांना बाण दिसला. उलटा.

शब्द ओठांवर आले. पण बोललं तर मिस्त्री खाली बघणार, आणि बाणाबरोबर त्यांना हातही दिसणार. बाईंनी मूग गिळले आणि टामी खेचली. टप्पकन कड आत गेली.

"बसला!" मिस्त्री ओरडले. मग त्यांची नजर आपल्या हाताकडे गेली. त्यांनी तो उचलला, फेस पुसला आणि परत मांडीवर ठेवला. बाई पंप मारायला लागल्या.

हवा भरून झाल्यावर मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं.

"अगं, बाण उलटा आहे."

"अगं बाई! हो की!"

आश्चर्य जरा जास्तच झालं. बाईंना नवऱ्याशी खोटं बोलणं जन्मात साधलं नव्हतं. मिस्त्रींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. बाई घमेल्यात फेस करू लागल्या.

"सगळं परत काढावं लागणार."

"काढू की. मला कुठं गाडी पकडायचीय?"

या खेपेला बाईंनी एक टामी त्यांच्या उजव्या बाजूला ठेवली. ठेवली आणि दुसरीकडे बघत बसल्या. जरा वेळानं फरशीवर लोखंड खणखणलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा आवाज आला नाही, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला.

दुपार कलली तेव्हा चाक गाडीला लागलं होतं, बाण सुलट. मिस्त्री पायरीवर बसून उजवी मूठ उघडत होते, मिटत होते. ते बघून बाईंना इतकं भरून आलं की त्यांनी आधीच धुतलेलं घमेलं पुन्हा धुवायला घेतलं.

"चला, संपलं काम," मिस्त्री म्हणाले आणि मूठ मांडीवर टेकली.

बाईंनी ते पाहिलं. उद्या पुन्हा तीच मांडी, तोच पाहुणा.

"पुढचाही टायर झिजलाय," वर न बघता त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी पुढच्या चाकाकडे पाहिलं. कोऱ्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस त्यावर अजून उभे होते. ते उठले, चाकाजवळ गेले आणि उजव्या हाताची बोटं त्या केसांवरून हळूहळू फिरवत राहिले.

"झिजलाय खरा," ते म्हणाले. "उद्या सकाळी काढू."