चारच्या खाली

पुसायला आला असाल तर फडकं बाजूला ठेवा आणि आधी ऐकून घ्या. मी पोलीस ठाण्यातला कामांचा फळा बोलतोय. सध्या मुक्काम मागच्या शेडमध्ये, जप्त केलेल्या गाड्यांच्या गर्दीत. पण अकरा वर्षं मी आत, टेबलामागच्या भिंतीवर, येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होतो.

खरं तर मी शाळेत जायला हवा होतो. सुतारानं मला तिसरीच्या वर्गासाठी घडवलं होतं. डावा कोपरा चिरला म्हणून शाळेनं नाकारलं आणि ठाण्यानं उचललं. पेंटरनं पांढऱ्या तेलरंगात वर 'आजची कामं' असं लिहिलं आणि खाली एक ते सात आकडे काढले. आकडे कायमचे. त्यांच्यापुढचा मजकूर मात्र खडूचा, रोज सकाळी पुसून नवा लिहायचा.

ठाण्यात जीप एकच. त्यामुळे एक नियम पडून गेला होता. एक नंबरच्या कामाला जीप, दोनला मोटारसायकल, तीनला पायी जायचं. चारपासून पुढे 'बघू'. हळूहळू ती ठाण्याची बोलीच झाली. कुणाची रजा अडकली की, "तुझा अर्ज चारच्या खाली गेला रे!" कुणाचं लग्न जमेना की, "मुलीकडच्यांनी ह्याला चारच्या खाली टाकलाय." सगळे खो खो हसायचे. तेव्हा मलाही हसू यायचं.

माझ्यावर लिहायच्या त्या एक हवालदार बाई. टपोरं, एकसारखं अक्षर, म्हणून सगळे त्यांना अक्षरताई म्हणत. अक्षर त्यांचं, मजकूर मोठ्या साहेबांचा.

आणि साहेबांचा एक नंबर ठरलेला: क्लब. बसस्टॉपच्या पलीकडे, जाड पडद्यांच्या हॉलमध्ये बायका कपडे उतरवत नाचायच्या. क्लबाला परवाना होता आणि परवान्याला एकोणीस अटी होत्या. त्यांतली साहेबांची लाडकी अट अशी, की स्टेज आणि पहिली खुर्ची यांत सहा फूट अंतर हवं. साहेब स्वतः टेप घेऊन जात. कधी चार बोटं कमी भरत, कधी दोन. कुणीतरी खुर्ची पुढे ओढलेली असायचीच. लगेच छापा, आणि आठ-दहा बायका रुमालानं तोंड झाकून आमच्या बाकावर. खुर्ची ओढणारा मात्र त्या बाकावर बसलेला मी कधी पाहिला नाही.

गुरुवारच्या बैठकीत साहेब सांगत, "या आठवड्यात दहा अटका." वरिष्ठ खूश. चोराच्या मागे धावावं लागतं. या बायका स्टेजवर उभ्याच असायच्या.

भिंतीवर मोजण्याशिवाय दुसरा उद्योग नाही, म्हणून मी मोजत आलो. शेवटच्या वर्षात क्लब एकशे बेचाळीस वेळा एक नंबरला होता. सायकलचोऱ्या, फोडलेली दुकानं, वाटेत अडवलेल्या मुली, सगळं चारच्या खाली.

एका दुपारी त्याच क्लबातली एक बाई आपण होऊन आली. तोंडाला रुमाल नाही, हातात भाजीची पिशवी, कमरेपर्यंत वेणी. टेबलावर मिशीकाका होते, ठाण्यातले सगळ्यात जुने हवालदार. ते म्हणाले, "आज छापा नाही हो बाई. वाट चुकलात का?"

"तक्रार द्यायचीय, काका. तीन आठवडे एक माणूस मागे लागलाय. करडी स्कूटर आहे, नंबर लिहून आणलाय. बसस्टॉपपासून घरापर्यंत येतो. माझ्या मुलीची शाळा कधी सुटते तेही त्याला ठाऊक आहे. काल दाराची कडी वाजवली आणि नुसता उभा राहिला."

"आता तुमचं कामच असं. हजार जण बघतात. एकानं जरा जास्त बघितलं, तर एवढं काय?"

"हॉलमध्ये बघणाऱ्याला सहा फूट लांब बसवता ना? टेप लावून? मग माझ्या दारात किती फूट ठेवायचे, तेही एकदा येऊन मोजा की."

अक्षरताई उठल्या, स्कूटरचा नंबर वहीत उतरवून घेतला आणि माझ्या सातव्या जागी लिहिलं: 'करड्या स्कूटरवाला. बाईच्या दाराशी येतो.' वरच्या सहा जागा साहेबांच्या होत्या.

नऊ दिवस ती ओळ रोज पुसली गेली आणि ताईंनी रोज पुन्हा लिहिली. दहाव्या दिवशी साहेब म्हणाले, "ते सातवं काढा आता. फळा भरल्यासारखा दिसतो." ताईंनी ते आणखी बारीक अक्षरात लिहिलं, इतकंच.

अकराव्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, फोन वाजला. वेणीवालीची सासू इतक्या मोठ्यानं ओरडत होती, की मला भिंतीवर ऐकू आलं. "दार मोडतोय मेला! गाडी पाठवा!"

फोनवर मिशीकाका म्हणाले, "गाडी क्लबवर गेलीय, आजी. अंतर मोजायला."

मोटारसायकलही बाहेर होती. काका त्या वयात पळत गेले. परत आले ते खांबाला धरून उभे राहिले आणि अक्षरताईंना म्हणाले, "म्हातारीनं स्टूल घालून हाकलला त्याला. सुनेचं मनगट मोडलंय. पोरगी पलंगाखालून बाहेर येईना. मी म्हटलं, मी पोलीस आहे बाळ. तर आणखीच आत सरकली."

गुरुवारी वेणीवाली आली, हात प्लास्टरमध्ये. रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "आज मी कितव्या नंबरला आहे?"

अक्षरताईंनी माझ्या सातव्या ओळीकडे पाहिलं.

साहेब बैठकीला गेले होते. शुक्रवारी वरिष्ठ तपासणीला येणार, म्हणून ठाण्याला रंग लागत होता. दाराशी पेंटरचा तेलरंगाचा डबा उघडाच होता. अक्षरताईंनी हातातला खडू ठेवला, ब्रश उचलला, माझी पहिली ओळ ओल्या फडक्यानं स्वच्छ केली आणि करड्या स्कूटरवाल्याला एक नंबरवर बसवलं. सावकाश, टपोऱ्या अक्षरात, एकही ओघळ न येऊ देता.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी डस्टर घासलं. मग आणखी जोरात घासलं.

"हे पुसत का नाही?"

"तेलरंग आहे, साहेब. खडू समजून ब्रश हातात आला."

"चुकून?"

"चुकून."

"मग क्लब दोनला लिहा!"

"लिहिते. पण दोनला मोटारसायकल जाते, साहेब."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला वरिष्ठ येणार आणि माझी पहिली ओळ त्यांना थेट फाटकातून दिसणार. एवढ्यात जीपच्या ड्रायव्हरनं दारातून डोकं आत घातलं. "एक नंबर स्कूटरवाला ना? गाडी सुरू आहे." मिशीकाका टोपी घालून जीपमध्ये आधीच बसले होते.

दुपारी अडीचला त्याला घेऊन आले. शाळेसमोरच्या वह्यांच्या दुकानात कामाला होता. साडेदहा ते अडीच, चार तासांचा मामला! स्कूटरचा नंबर बारा दिवस वहीत पडून होता. दुसऱ्या दिवशी आणखी चार बायका त्याला ओळखायला आल्या. मी त्या चौघींना ओळखलं. दोघींच्या तक्रारी माझ्या पाचव्या ओळीवर होत्या, एकीची सहाव्या, एकीची चौथ्या. चारही पुसलेल्या.

पुढच्या आठवड्यात अक्षरताईंची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली आणि मला खाली उतरवलं. माझ्या जागी पांढरा, गुळगुळीत फळा आलाय. बोट फिरवलं तरी साफ होतो.

माझ्यावर आधी टर्पेंटाइन ओतलं, मग काचकागद घासला. पण माझं लाकूड जुनं, रंग पार आत मुरलाय. समोरच ती करडी स्कूटर पुराव्याची चिठ्ठी लावून उभी आहे. वेणीवाली तिची ओळख पटवायला आली, तेव्हा माझ्यापाशी थांबली. प्लास्टर निघालेला हात तिनं पहिल्या ओळीवरून फिरवला आणि म्हणाली, "ताई, अक्षर छान आहे हो तुमचं." शेजारी उभ्या अक्षरताई पहिल्यांदाच हसताना दिसल्या.

तर तुम्ही. उद्या ठाण्यात गेलात आणि तक्रार लिहून झाली, की लगेच उठू नका. कितवा नंबर, ते विचारा. 'चारच्या खाली' असं उत्तर आलं तर सरळ मागे शेडमध्ये या. येताना तेलरंग आणा. माझ्यावर अजून सहा ओळी मोकळ्या आहेत.