बिथरण्याच्या अलीकडे

“रेघ कशी आहे?” बाबांनी विचारलं.

“एकदम शहाण्यासारखी,” मी ऐटीत म्हणाले.

बाबा लेझरच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. आज मोठ्या मॅडम काम बघायला येणार होत्या आणि बाबांनी आपण होऊन मला सोबत आणलं होतं. मी तर हवेतच होते.

टेबलावर काडेपेटीएवढा लेझर, समोर आरसा. लेझरचाच थोडा उजेड परत त्याच्या तोंडावर मारायचा. बाबा स्क्रू पिळत जातात तसा तो उजेड वाढतो. मग पडद्यावरची सरळ रेघ आधी दोन उंच्यांवर आळीपाळीने उड्या मारते, मग चार, आणि मग बिथरते. ‘बिथरते’ हा बाबांचा शब्द. आता मॅडमही तोच वापरतात. एकदा बिथरली की पुढची उडी कुठे, कुणालाच सांगता येत नाही. नेमकं त्याच्या अलीकडे थांबायचं, ही बाबांची हातोटी.

“आता?”

“दोन झाल्या.”

पडदा त्यांच्या पुढ्यातच होता, चांगला टीव्हीएवढा. मग मला का विचारतायत? बाबा मान वाकडी करून, कडेने पाहत होते.

“बाबा, तुम्हाला दिसत नाहीये?”

स्क्रूवरची बोटं तशीच राहिली. लेझरचा ठिपका संरक्षक चष्म्यातून अंधूक दिसतो, म्हणून इथे सगळेच चष्मा क्षणभर कपाळावर चढवतात, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. तसंच करताना लेझर लागून त्यांच्या एका डोळ्यात मधोमध न दिसणारा डाग आधीच पडला होता. आता दुसऱ्यातही आलाय.

“मॅडमना कळलं तर या टेबलाला हात लावू देणार नाहीत. आईला सांगू नकोस.”

मॅडम आल्या. आज नव्या साहेब आल्यात वाटतं, असं मला म्हणाल्या. मी उगाच मोठ्याने हसले. बाबा पिळत होते.

“किती झाल्या?” मॅडमनी विचारलं.

मी परीक्षेत कुजबुजावं तसं पुटपुटले, “चार.”

“चार,” बाबा ठणठणीत म्हणाले.

तोवर रेघ बिथरून पडद्यावर नुसता गुंता झाला होता. बाबा पिळतच राहिले. मॅडम पडद्याकडे नाही, बाबांकडे बघत होत्या.

“हात काढा,” त्या हळूच म्हणाल्या.

बाबांनी काढला. लेझर स्वतःच बंद केला. मग कोपरे चाचपत टेबलावर कापड पसरायला लागले. मी मदतीला पुढे झाले.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “हे मला येतं.”