दोन्ही हातांनी

सरहद समोरच, हाकेच्या अंतरावर. पण पायी ओलांडायची नाही. जीपमध्येच बसून जायचं! म्हणून दुलमा गोबी वाळवंटाच्या फुफाट्यात गानझोरिग ड्रायव्हरच्या जीपमध्ये नऊ माणसांत अंग चोरून बसली होती. मांडीवर पिशवी. पिशवीत घरच्या गायीचं, अख्खा हिवाळा टांगून वाळवलेलं, कुटून भुगा केलेलं मांस. पलीकडच्या देशात लेक नोमिन सहा दिवसांची बाळंतीण, आणि दूध उतरेना. ह्या मांसाचा गरम रस्सा पोटात गेला की उतरतं. दुलमाच्या तिन्ही बाळंतपणांत उतरलं होतं.

पलीकडच्या तपासणीत पिशवी उघडली गेली.

"मावशी, मांस नेता येणार नाही," गणवेशातला पोरगा म्हणाला. आणि चक्क तिच्याच मंगोल भाषेत! दुलमाला हायसं वाटलं. आपलाच निघाला की.

"अरे राजा, लेक बाळंत झालीय. तिला दूध नाही."

"नियम आहे. त्या डब्यात टाका."

दुलमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टाका? साठ वर्षांत अन्नाचा कण टाकला नाही मी. तुझा नियम ना? मग तूच टाक!"

"आवरा, मावशी!" मागून गानझोरिग ओरडला. "जीप थांबू देत नाहीत इथं!"

परत फिरावं, तर लेक एकटी. पुढं जावं, तर रिकाम्या हातांनी. दुलमानं पिशवी पुढं केली.

पोरानं आधी बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. मग दोन्ही हात पुढं करून, मान किंचित लववून पिशवी घेतली. वडीलधाऱ्यांकडून घ्यावी तशीच. दुलमाचा जीव भांड्यात पडला. सोडतोय पोरगा!

तो वळला आणि पिशवी डब्यात टाकून मोकळा झाला.

"अरे मेल्या! घ्यायला शिकवलं तुझ्या आईनं. हे कुणी शिकवलं रे?"

पोरानं पुढच्या माणसाचा पासपोर्ट मागितला.

संध्याकाळी नोमिननं दार उघडलं. कुशीतलं बाळ रडून लालबुंद झालं होतं. तिची नजर आधी आईच्या हातांकडे गेली.

"आणलंस ना, आई?"

"आणलं होतं गं. सरहदीवर एकानं घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं मेल्यानं!"

आणि दुलमानं बाळाला आपल्याकडे घेतलं. ते तिच्या कोरड्या छातीशी तोंड घासू लागलं.