फळ्यावर न उमटलेलं टिंब

मित्रांनो, ज्याच्यावर रोज लिहिलं जातं आणि रोज पुसलं जातं, त्याची कसली आली गोष्ट, असं तुम्हाला वाटत असेल. बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं. मी फळा आहे, जुना आहे, आणि तेल्हारा तालुक्यातल्या एका लहान गावात बुद्धविहाराच्या ओट्यावर दोन खिळ्यांना टांगलेला आहे. माझ्यावरची एक ओळ कोणी पुसत नाही. माझी गोष्ट म्हणजे त्या ओळीचीच गोष्ट.

माझं लाकूड सेमाडोहच्या जंगलातलं सागवान. अकोल्याच्या एका सुताराने तीन पाट जोडून मला घडवलं आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गात लागलो. दर शनिवारी मुलं जुन्या सेलमधली काळी पूड आणि वालाचा पाला एकत्र वाटायची आणि तो लगदा माझ्या अंगाला चोळायची. हात काळे, नाकं काळी, शाळेचे सदरे काळे. घरी गेल्यावर आया धपाटे घालायच्या, पण पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तेव्हा माझ्यावर खडूचा नुसता कण जरी टेकला तरी तो ठसठशीत उमटायचा. बाई म्हणायच्या, असा फळा तालुक्यात नाही.

मग शाळेत चित्रं दिसणारा पडदा आला. मला वर्गामागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. दोन पावसाळे मी तिथे उभा होतो. एक शेळी रोज येऊन माझ्यावर पाठ घासून जायची. तेवढाच काय तो स्पर्श.

तिथून मला उचललं अनुप पेंटरने. अनुप दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचा. अक्षर असं, की त्याच्या हातचा 'क' बघून माणसं पाटीखाली थांबायची. त्याने मला घासलं, भेगा बुजवल्या, फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि संघपाल सरांच्या मदतीने विहारात टांगलं. हे संघपाल सर दर रविवारी वस्तीतल्या मुलांना वंदना शिकवायचे.

अनुपचं म्हणणं साधं होतं. आपली मुलं घरात वऱ्हाडी बोलतात, शाळेत पुस्तकातलं मराठी वाचतात आणि विहारात पाली म्हणतात. म्हणतात खरं, पण अर्थ कोणालाच माहीत नाही, त्यालाही नव्हता. म्हणून त्याने रोज संध्याकाळी सरांजवळ बसून अर्थ विचारून घेतले आणि दर रविवारी माझ्यावर एक शब्द लिहायला सुरुवात केली. डावीकडे शब्द, मग बरोबरचं चिन्ह, उजवीकडे अर्थ.

वंदना संपल्यावर सगळे 'साधू, साधू, साधू' म्हणत, तेव्हा लहान पोरं दाढीवाल्या साधूला शोधत दाराकडे बघायची. अनुपने लिहिलं, 'साधू = छान झालं'. दुसऱ्या दिवसापासून कोणी चौकार मारला की मैदानात 'साधू' म्हणून ओरडा व्हायचा. गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' का लावतात आणि लग्नाच्या पत्रिकेवर 'मंगल परिणय' का असतं, तेही माझ्यावरच लिहिलं गेलं.

अनुपची मुलगी रागिणी तेव्हा आठ वर्षांची होती. खडूंचा डबा तिच्याकडे असायचा. एक दिवस पंचशील म्हणून झाल्यावर तिने बापाला गंभीरपणे विचारलं, "बाबा, हे वेरमणी कोणाची पोरगी हाय? पाची ओळीत तिचं नाव येते, मंग ते विहारात काहून येत नाही?"

अनुप हसून हसून ओट्यावर बसला. मग डोळे पुसत त्याने लिहिलं, 'वेरमणी = दूर राहणं'. त्या रात्री जेवताना रागिणीने आजीला, म्हणजे पार्बताबाईंना, सांगून टाकलं की मी कारल्यापासून वेरमणी आहे. ही गोष्ट वस्तीभर झाली.

मित्रांनो, ते दिवस चांगले होते. म्हणूनच मी त्यांच्याबद्दल एवढं बोललो. पुढचं थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो.

अनुपचे पाय सुजू लागले. आमच्या भागात बोअरचं पाणी खारं आहे. लोक म्हणाले त्या पाण्याने झालं, डॉक्टर नक्की काही म्हणाले नाहीत. मूत्रपिंडं दोन्ही गेली एवढं मात्र नक्की झालं. आठवड्यातून दोनदा अकोल्याला जाऊन रक्त साफ करून यायचं, अशी पाळी लागली. दरवर्षी आषाढ पौर्णिमेच्या आधी तो मला रंग द्यायचा. त्या वर्षी त्याने ब्रश हातात घेतला आणि पुन्हा डब्यात ठेवला. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. दुसऱ्या कोणाच्या ते मनातही आलं नाही, कारण फळा रंगवणं हे पेंटरचं काम. माझ्या मधोमध, जिथे पुन्हा पुन्हा लिहून पुसत, तिथला रंग झिजला आणि खालचं लाकूड गुळगुळीत होऊन चकाकायला लागलं. तिथे खडू घसरायचा. मी ओरडून सांगू शकत नव्हतो.

तो रविवार आला. अकोल्याला नेणारी गाडी यायला थोडा वेळ होता, म्हणून अनुप भिंत धरत धरत विहारात आला. रागिणीने खडू दिला. त्याने लिहिलं, 'सरण'. मग 'सरणं' व्हावं म्हणून शेवटच्या अक्षरावर टिंब ठेवलं. मित्रांनो, त्याने ते ठेवलं. खडूचं टोक मला लागलं, मला ते कळलं. पण ते नेमकं त्या चकाकत्या जागेवर पडलं आणि उमटलंच नाही. त्याने बरोबरचं चिन्ह काढलं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

"आल्यावर अर्थ लिवतो," तो रागिणीला म्हणाला आणि गेला.

तो आला नाही, त्याला तिथेच ठेवून घेतलं. गुरुवारी रागिणीला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथलं मी बायकांच्या बोलण्यातून ऐकलं. अनुपने तिला वंदना म्हणायला सांगितलं. ती पलंगाजवळ उभी राहून बुद्धं सरणं गच्छामि पासून सगळं तीनदा म्हणाली, एकही अक्षर न चुकता. त्याचे नुसते ओठ हलत होते. नर्सबाईंनीही काम थांबवून ऐकलं. शुक्रवारी सकाळी तो गेला.

त्याला आधी विहारासमोर आणून ठेवलं. माणसं येत होती, जात होती. कोणीतरी कोणाला तरी विचारलं, सरण रचून झालं का? दुसरा म्हणाला, लाकडं ओली आहेत, सरणाला वेळ लागेल. रागिणी माझ्याखालीच उभी होती. तिने मान वर केली. माझ्यावर, तिच्या बापाच्या त्या सुंदर अक्षरात, लिहिलेलं होतं, 'सरण ='.

तिचा चेहरा मी पाहिला. आयुष्यात मी हजारो मुलांचे शब्द कळतानाचे चेहरे पाहिले आहेत. हा तसाच होता. तिला अर्थ कळला होता.

त्या दिवसापासून रागिणीने वंदना म्हणणं बंद केलं. घरात आई संध्याकाळी मेणबत्ती लावून बसली की ही उठून बाहेर जायची. शाळेतून येताना एकटीच माझ्यापाशी थांबायची. एकदा तिने अंगठा थुंकीने ओला केला आणि तो शब्द पुसायला हात उचलला. पण ते बाबांचं शेवटचं अक्षर होतं. तो ओला अंगठा तिने फ्रॉकला पुसला आणि निघून गेली. तिला काय वाटतं आहे ते मला पुरतं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. लाकूड असण्याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झालं.

मोठ्यांना वाटलं, पोरगी हट्टी झाली. पार्बताबाईंचा तर एकुलता एक लेक गेलेला, त्यांच्या जिभेवर तेव्हा कोणाचाच ताबा नव्हता. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, कारल्याची चेष्टा करायला तोंड होतं आणि बापासाठी तीन ओळी म्हणायला नाही. रागिणीच्या आईने, दामिनीने, कडेवरचं लेकरू दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ते धाकटं, वर्षाचं होतं आणि दोन आठवडे ती धड झोपली नव्हती.

मग पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्यासाठी सगळ्यांनी मिळून वंदना म्हणायचा, दिवस आला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओट्यावर बसली. अमरावतीहून नातेवाईक आले. 'कालकथित अनुप' अशा अक्षरांखाली त्याचा फोटो होता, छापील अक्षरांत, त्याच्या हातच्या नाही. संघपाल सर म्हणाले, त्रिसरण, म्हणजे 'सरणं गच्छामि'च्या तीनदा म्हणायच्या तीन ओळी, रागिणीने सांगावं, तिच्या बाबांना आवडायचं. ती जागची हलली नाही. पार्बताबाई चिडून काही म्हणणार, तेवढ्यात सरांनी स्वतःच सुरुवात केली. सगळ्यांनी सूर धरला, दामिनीनेही. पहिल्यांदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा सुरू होताच रागिणी झेपावली आणि तिने आपल्या दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबून धरलं.

"आई, तू नको मनू. तिसऱ्यांदा नको मनू. तूबी जाशीन."

सूर आपोआप थांबला. दामिनीने तिचे हात हळूच खाली घेतले आणि विचारलं, कुठे जाईन?

"सरणावर. मी बाबाजवळ तीनदा मनलं, सरणं गच्छामि. सरणावर जातो मनून. मी मनलं अन् बाबा गेले. तेईनं फळ्यावर लिवूनबी ठेवलं हाय."

आपल्या दोन भाषांत एक शब्द असा शेजारी शेजारी बसला आहे, एकीकडे आसरा आणि दुसरीकडे लाकडांचा ढीग, हे त्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. संघपाल सर पालीतला शब्द समजावू लागले. दामिनीने हाताने त्यांना थांबवलं. कडेवरचं लेकरू तिने पार्बताबाईंच्या मांडीवर दिलं आणि रागिणीला घेऊन ती माझ्यासमोर आली. तिने माझ्यावरून बोट फिरवलं. त्या गुळगुळीत जागेवर ते थांबलं.

"एथं टिंब हाय," ती म्हणाली. "लागलं नाही, पण हाय. तुह्या बाबाच्या हातून टिंब कवा सुटलं काय?"

जलदानासाठी ठेवलेल्या पेल्यात तिने खडू बुडवला आणि दाबून टिंब दिलं. ओला खडू त्या गुळगुळीत जागेवरही धरला. मग बरोबरच्या चिन्हापुढे तिने आपल्या तिरक्या, घाईच्या अक्षरात लिहिलं, 'आसरा'.

"तू मनत होती ना रागू, तवा तुह्या बाबाले तुहा आसरा होता."

रागिणीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग विचारलं, "मंग माहा आसरा पुरला काहून नाही?"

दामिनीने तिला पोटाशी धरलं. माझ्यावर आजवर इतके अर्थ लिहिले गेले, पण याचा अर्थ कोणी लिहिला नाही. पार्बताबाई लेकराला मांडीवर घेऊन नुसत्या डोलत राहिल्या. पुन्हा त्या नातीला कधी टाकून बोलल्या नाहीत.

पुढच्या आषाढ पौर्णिमेआधी दामिनीने अनुपचाच ब्रश काढला आणि मला रंग दिला. रागिणी डबा धरून होती. ब्रश त्या ओळीजवळ आला तेव्हा दोघी थांबल्या. मग रागिणीने ब्रश घेतला आणि ओळीच्या चारी बाजूंनी, जीभ दातांत धरून, सावकाश रंग लावला. आता मी सगळा काळा आहे आणि मधोमध एक झिजलेली पट्टी आहे. तिच्यावर दोन माणसांची अक्षरं आहेत. त्यातलं अनुपचं अक्षर रोज थोडं पुसट होत जातं. ते कोरड्या खडूचं आहे, दामिनीचं ओल्या खडूचं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं थोडं आहे. ज्याच्यावर लेकरं वाचतात, तो फळा झिजू देऊ नका. ज्याचं ते काम होतं तो आजारी असेल, तर ब्रश तुम्ही उचला. शब्द शिकवाल तर आल्यावर अर्थ सांगू असं म्हणू नका, तेव्हाच सांगा. आणि बोलणारं लेकरू गप्प झालं, तर त्याला रागावण्याआधी एकदा विचारा, तुला काय कळलं?

रागिणी आता रविवारी येते. पहिल्यांदा म्हणते, दुसऱ्यांदा म्हणते. तिसऱ्यांदा तिचे ओठ मिटतात आणि ती शेजारी बसलेल्या आईकडे बघत राहते. सगळ्यांचं म्हणून होतं, साधू साधू होतं. मग ती हात पुढे करते आणि आईच्या मनगटाची नाडी लागते का ते बघते.