शून्य नंबरची डबी

"कुठलीही एक डबी बंद पाडा, निरोप पोचणारच." हे वाक्य डबीताईनं खाणीच्या साहेबांना, मुकादमाला आणि घरी वहिनीला इतक्यांदा ऐकवलं होतं की वहिनी भांडी घासता घासता तिची हुबेहूब नक्कल करायची.

दगडाच्या त्या खाणीत एकेचाळीस माणसं कामाला होती आणि प्रत्येकाच्या पट्ट्याला साबणाच्या वडीएवढी एक डबी होती. खाणीत टॉवर उभारून उपयोग नाही, कारण आज ज्या भिंतीवर तो उभा कराल ती पुढच्या आठवड्यात सुरुंगानं उडवायची असते. म्हणून टॉवरचं काम माणसांच्या कमरेलाच बांधलेलं. धोक्याचा निरोप या डबीकडून त्या डबीकडे, तिच्याकडून पुढच्या डबीकडे जायचा. मधली एखादी बंद पडली तर बाकीच्या आपसात दुसरी वाट शोधून घ्यायच्या. ही अक्कल त्यांना डबीताईनं शिकवली होती आणि तिला त्याचा गर्व होता. का नसावा? सहा महिने तिनं एक नंबरपासून एकेचाळीसपर्यंत प्रत्येक डबी स्वतःच्या हातानं बंद करून पाहिली होती, कधी एकेक, कधी तीन-तीन एकदम. वर ऑफिसातून मुकादम बटण दाबायचा आणि खाली चालू असलेली एकूण एक डबी वाजायची.

चाचणीच्या वेळी ती वळणावर उभी राहायची. खाण तिथं कोपरातून दुमडलेल्या हातासारखी वळते. अलीकडे मोठा खड्डा, पलीकडे मागचा कडा, आणि मध्ये नुसता रस्ता; तिथं कुणाचंच काम नसतं. ही जागा तिला शिट्टीकाकांनी दाखवली होती. तेवीस वर्षं ते त्याच वळणावर शिट्टी घेऊन उभे होते, कारण तिथून वाजवलेलं दोन्हीकडे ऐकू जातं. डब्या आल्या तशी काकांची गरज संपली. तसं लिहून देणारी डबीताईच. काकांना डब्या चार्ज करायच्या खोलीत बसवलं. त्यांनी राग धरला नाही, निदान दाखवला तरी नाही. रोज सकाळी ते डब्या वाटायचे आणि शेवटची तिच्या हातावर ठेवायचे.

मागच्या कड्यावर ड्रिल चालवणाऱ्या सात जणांत तिचा थोरला भाऊ होता. तो कडा ठिसूळ, म्हणून दादानं तिथं जाऊ नये असा वहिनीनं हट्टच धरला होता. शेवटी तिनं नणंदेलाच गाठलं आणि विचारलं, "तुझ्या डबीवर भरवसा ठेवू ना गं?" डबीताई म्हणाली, डोळे मिटून ठेव. त्यानंतर वहिनीनं विषय काढला नाही.

आज पाहुणे आले होते. असल्याच आणखी नऊ खाणी असलेली मंडळी. दुपारी तीनला डबीताईनं ऑफिसात त्यांच्यासमोर बटण दाबायचं, मग डब्यांच्या करारावर सह्या. त्यासाठी ती नवे बूट घालून आली होती आणि ते चावत होते.

पावणेतीनला कड्याच्या माथ्यावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. मागच्या भिंतीतून माती गळतेय, दगड सुटायला लागलेत, माणसं बाहेर काढा. साहेब काही बोलायच्या आत डबीताईनं बटण दाबलं. याच क्षणासाठी तर तिनं सहा महिने घासले होते.

पडद्यावर वाजलेल्या डब्यांचा आकडा आला: चौतीस.

तिला आधी वाटलं पडदा अडकलाय. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा चौतीस. खाली माणसं हातातलं काम टाकून चढावर धावताना खिडकीतून दिसत होती, आणि राहिलेले सात कोण ते तिला नंबर न वाचताच कळलं.

"मॅडम, शोधतील की वाट," साहेब शांतपणे म्हणाले. "तुम्हीच सांगता ना?"

आणि लाजिरवाणी गोष्ट ही की ती थांबली. मोजून वीस सेकंद ती त्या आकड्याकडे बघत राहिली, कारण तिचा स्वतःच्या वाक्यावर विश्वास होता. चौतीसचे पस्तीस झाले नाहीत. मग मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्ची आडवी पडली, पाहुणे बाजूला झाले आणि ती उतारावरून धावत सुटली.

वर येणारी माणसं तिला उलटं जाताना बघून ओरडत होती. ती मोजत होती. दादा त्यात नव्हता. एक बूट कुठंतरी राहिला. कड्याकडून ड्रिलचा आवाज येत होता, म्हणजे ते अजून भोकं पाडत होते, कानांवर टोपणं लावून, अगदी निर्धास्त. ती ओरडली असती तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

ती वळणावर पोचली आणि तिच्या खिशातली डबी, बटण दाबलं तेव्हासारखी, पुन्हा थरथरली.

त्याच क्षणी पलीकडे ड्रिल बंद झाले. सात पट्टे एकदम वाजत, थरथरत होते. सात माणसांनी कमरेकडे पाहिलं, हत्यारं टाकली आणि ती पळत तिच्या दिशेनं आली, दादा सगळ्यांत मागे. तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. ती फक्त तिथं येऊन उभी राहिली होती. दादानं तिचं मनगट धरून तिला ओढत नेलं, आणि ती दोघं चढाच्या मध्यावर असताना मागची भिंत बसली. धुरळा वर ऑफिसपर्यंत आला.

दादा खोकत खोकत हसत होता. "वाजली बघ बारके, अगदी वेळेवर. घरी गेल्यावर सांगतो हिला."

डबीताईला हसता येईना. सहा महिन्यांच्या सगळ्या चाचण्या तिच्या डोळ्यांसमोरून जात होत्या आणि प्रत्येकीत ती त्याच वळणावर उभी होती. तिच्या डबीचा नंबर शून्य. ती कामगाराची नाही म्हणून यादीत नव्हती, आणि नकाशात उगाच गर्दी नको म्हणून तिनंच ती पडद्यावरून लपवली होती. एकूण एक डबी तिनं बंद करून पाहिली होती, फक्त स्वतःच्या खिशातली सोडून. खड्डा आणि कडा यांना जोडणारा सांधा तीच होती. आज पहिल्यांदा ती वर ऑफिसात बसली होती.

ऑफिसाच्या दारात टाळ्या वाजल्या. पडद्यावर एकेचाळीस दिसत होतं. साहेब पाहुण्यांना सांगत होते, जरा वेळ लागला, पण वाट सापडली. पाहुण्यांपैकी एकानं पेन उघडलं.

"सह्या करू नका," डबीताई म्हणाली. "हे चालत नाही. उरलेल्या सातांना निरोप मी खिशातून नेला."

कुणालाच काही कळेना. तिनं दोनदा समजावून सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना दादाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलेलं तिला दिसलं. पट्ट्याची डबी काढून त्यानं टेबलावर ठेवली.

गर्दीच्या मागून शिट्टीकाका पुढं आले. ती एका पायात बूट घालून उभी होती. त्यांनी तिला खुर्ची ओढून दिली.

"काका, ती जागा रिकामी ठेवली मी," ती म्हणाली. "तुम्हाला उठवलं आणि रिकामी ठेवली."

"मी रोज बेचाळीस चार्ज करतो, पोरी," काका म्हणाले. त्यांचाही चेहरा पांढराफटक पडला होता. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे. माझ्या जागेवर तू स्वतः उभी राहणार, असं समजून तर मी गुमान उठलो."